दोन पट्टेवाले

बरणी माझ्या हातात होती आणि अख्खं लग्नघर माझ्या तोंडाकडे बघत होतं.

“सांग गो,” तात्या म्हणाले, “इखारी हा काय तो?”

तात्या माझे चुलत सासरे. सासरे लवकर गेले, तेव्हापासून पालवांच्या घरात शेवटचा शब्द तात्यांचा. एरवी ते मला काही विचारायच्या फंदात पडत नसत. मी घाटावरची, गडहिंग्लजची, आणि लग्नाला अजून वर्षही झालेलं नव्हतं. पण कोळी विषारी आहे का असा प्रश्न निघाला की त्या घरात माझ्याशिवाय विचारणार तरी कुणाला?

मी बरणी उजेडाकडे धरली. कोळी वैजूच्या उशाशी सापडला होता. वैजू म्हणजे माझी नणंद, आणि त्या दिवसाची नवरी. आदल्या संध्याकाळी तिला हळद लागली होती आणि दुपारी वेंगुर्ल्याकडून वऱ्हाड यायचं होतं. सकाळी ती उठली तीच पोट धरून. कोपराजवळ एक बारीक लाल ठिपका होता, चादरीवर हा कोळी होता. बायकांनी दोन्हींची सांगड घातली आणि कुणीतरी झाडू उचलला. मी ओरडून झाडू अडवला आणि कोळ्यावर लोणच्याची रिकामी बरणी उपडी घातली. लग्नघरात नव्या सुनेनं ओरडणं बरं दिसत नाही, पण तोंडातून गेलं ते गेलं.

आतला प्राणी माझ्या चांगलाच ओळखीचा होता. आखूड पाय, केसाळ अंग, काळ्या पाठीवर मधोमध पांढरा पट्टा. मी बरणी फिरवली तसा तोही फिरला आणि माझ्याकडे तोंड करून थांबला. पुढे मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे, त्यांच्या शेजारी दोन बारके, उरलेले चार वर डोक्यावर. तोंडापुढचे पांढरे झुपके खालीवर हलवत त्यानं माझी चौकशी केली. बाकीचे कोळी माणसाची चाहूल लागली की पळतात. हा आधी बघून घेतो.

“हा उड्या मारणारा कोळी,” मी म्हणाले. “जाळं विणत नाही. माशीवर उडी मारून पकडतो. ह्याच्याकडे विष आहे ते माशीपुरतं. माणसाला मुंगी चावल्याइतकंसुद्धा होत नाही.”

“नक्की?” आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं.

“नक्की, आई. हातावर घेऊन दाखवू?”

“नको गो बाय!”

सगळे हसले. घराचा अडकलेला श्वास सुटला. तात्यांनी हात झटकले. “मगे झाला तर! आंबोशी उगाळा आणि लावा थयसर. न्हाणीचा पाणी तापला हा, नवरीक उठवा.”

कोळी अंगावरून गेला, चावला किंवा मुतला, की आंबोशी उगाळून लावायची हे तिथलं ठरलेलं औषध. आजीबाईंच्या बटव्यातली वाळलेली कैरी निघाली, सहाण निघाली, आणि मंडपातली कामं पुन्हा सुरू झाली. मी मात्र बरणी हातात घेऊन तिथंच उभी राहिले. काहीतरी टोचत होतं आणि काय ते सापडत नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मुळातली काळजीखोर. मला विहिरीच्या काठाची भीती वाटते, गॅसच्या नळीची वाटते, घाटात एसटीच्या ड्रायव्हरला डुलकी लागेल याची तर फारच वाटते. सासरी आल्याबरोबर हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. कुणी शिंकलं तरी “वैनीक सांगू नको रे, काढो करीत बसात” अशी थट्टा व्हायची. फक्त कोळ्याची भीती मला कधी वाटली नाही. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या बाईंनी भिंग हातात दिलं आणि खिडकीच्या गजावरचा असाच एक उडीवाला दाखवला. भिंगातून तो माझ्याकडे बघत होता. एवढ्याशा जिवाला आपण दिसतो, तो आपल्याला न्याहाळतो, याचं मला इतकं नवल वाटलं की पुढे भिंग माझ्या पर्समधून कधी बाहेर पडलंच नाही.

पालवांच्या घरात या वेडाला एकच वाटेकरी मिळाली, ती वैजू. भांडी घासून झाली की आम्ही दोघी पडवीत बसायचो आणि खांबावरचे उडीवाले शोधायचो. ओळखायचे कसे ते मी तिला शिकवलं. थांबत थांबत चालतो, मान वळवल्यासारखं पुढचं अंग वळवून बघतो आणि उडी मारायच्या आधी पाठीमागे धागा चिकटवून ठेवतो, म्हणजे उडी चुकली तरी लोंबकळून वर येता येतं. काळा-पांढरा नर बघून तिला तालुक्याच्या कचेरीतला शिपाई आठवला. छातीवर पट्टा, आणि आल्यागेल्याकडे रोखून बघणं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं पट्टेवाला. “वैनी, पट्टेवालो इलो!” अशी हाक आली की मी पोळपाट टाकून पळायची.

म्हणून मला वाटलं, तिला हा दाखवावा. तिच्या लग्नाला पट्टेवाला स्वतः हजर आहे म्हटल्यावर तिला हसू येईल.

माजघरात वैजू भिंतीला टेकून बसली होती. रात्री सगळ्या मुली तिथंच चटया टाकून निजल्या होत्या. अंगावर हळद, हातावर मेंदी, आणि तोंड उतरलेलं. आई तिच्या कोपराला आंबोशी लावत होत्या.

“पोटात लय दुखता गो आये.”

“दुखतला नाय तर काय! रातीचे वडे खाल्लंस काय थोडे? उठ आता. वराडाची माणसा दारात येतली, आणि नवरी जांभयो देतासा.”

“घशातव कायतरी अडाकला हा.”

“रडान रडान अडाकता. माझाव अडाकला होता.” आईंचा आवाज जरासा हलला. मग त्या सहाण घेऊन बाहेर गेल्या.

मी वैजूच्या समोर बसले. “बघ, कोण आलंय.”

तिनं हनुवटी वर केली, मान मागे टाकली आणि खाली झुकवलेल्या नजरेनं बरणीकडे पाहिलं. मला वाटलं नखरा करतेय. नवरीचा नखरा असतो तसा.

“पट्टेवालो,” ती म्हणाली. आवाज नाकातून आल्यासारखा येत होता. मग कपाळाला आठी पडली. “वैनी, दोन कशाक पकडलंस?”

“काय दोन?”

“कोळी. एकाच बरणीत दोन घातलंस? मारतले एकमेकांक.”

मी बरणीत पाहिलं. एकच होता. काचेला पाय लावून उभा, माझ्याकडे बघत.

“वैजू,” मी एक बोट धरलं, “हे किती?”

“दोन.”

“डोळे नीट उघड गं.”

“उघडलंय ना!” ती चिडून म्हणाली.

तिच्या पापण्या अर्ध्यावर होत्या.

मघापासून टोचत होतं ते काय, ते आता समोर उभं राहिलं. कोळी साधा आहे असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. मग पोट कशानं दुखतंय? घसा कशानं आवळला? पापण्या कुणी खाली ओढल्या? कोळ्यानं काही केलेलं नसेल तर रात्री तिच्या अंथरुणाशी दुसरं कुणीतरी येऊन गेलं होतं.

वर्गात शिकवलेलं एक एक वाक्य आठवू लागलं. मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सुजत नाही, खूण दिसेल न दिसेल. सकाळी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात, आणि मग श्वास बंद पडतो.

मी धावत मंडपात गेले. तात्या भटजींशी बोलत होते. आमचे हे, म्हणजे भालचंद्र, शिडीवर चढून आंब्याचे टहाळे बांधत होते.

“अहो, गाडी काढा. वैजूला दवाखान्यात न्यायचंय. तिला साप चावलाय.”

वाजंत्रीवाल्यानं पिपाणी तोंडापासून काढली. ह्यांनी शिडीवरूनच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ‘परत सुरू झाली हिची काळजी’ असं होतं. माझा नवरा चांगला माणूस आहे, पण त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला.

“साप?” तात्या पुढे आले. “आत्ताच सांगलंस, कोळी साधो हा म्हणान. आता साप खयसून इलो?”

“कोळी साधा आहे म्हणूनच म्हणते, तात्या! तो विषारी असता तर मी त्याच्यावर ढकलून गप्प बसले असते. हे त्याचं काम नाही. हे मण्यारीचं आहे.”

“सूज खय हा? आग होता म्हणता ती?”

“मण्यारीची सूज येत नाही. आगही होत नाही. तिच्या पापण्या मिटतायत. एकाचे दोन दिसतायत तिला.”

“रातभर जागली हत ती चेडवां. पापण्यो मिटतत नाय तर काय?” तात्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं. “ऐक गो बाय. हळदीच्या अंगान नवरी गावाच्या शिमेभायर नेवची नाय. अक्षता पडासर नाय. आमच्या घराण्यात झालेला नाय आणि व्हयत नाय. वराड दारात येतला आणि नवरी हास्पिटलात? काय सांगतलंय मी त्यांका? सुनेक भ्या वाटला म्हणान?”

मी चुकत असले तर? खरंच वडे बाधले असतील, खरंच जागरण असेल, तर मी एका मुलीचं लग्न मोडलं असतं. गडहिंग्लजची वाट मला कुणी दाखवावी लागली नसती, माझी मीच गेले असते. पट्टेवाला उडी मारायच्या आधी धागा बांधून घेतो. माझ्याकडे बांधायला काही नव्हतं.

“आईंना बोलवा,” मी म्हणाले.

आई आधीच दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तात्या त्यांचे थोरले दीर. इतक्या वर्षांत त्या तात्यांशी थेट बोललेल्या कुणी ऐकलं नव्हतं. काही सांगायचं झालं की मध्ये कुणीतरी लागायचं, तात्या समोर बसलेले असले तरी. त्या मागे वळल्या. मी त्यांच्यामागून गेले.

“वैजू, माझ्याकडे बघ.”

वैजूनं पुन्हा हनुवटी वर केली. मान मागे, कपाळ ताणलेलं, पापण्या मात्र जागच्या हलेनात. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली आणि ती पुसायचं तिला सुचलं नाही. आईंनी आपल्या अंगठ्यानं तिची एक पापणी वर उचलली. सोडली. ती पडद्यासारखी खाली आली.

आई पदर सावरत मंडपात आल्या. तात्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, मान खाली, आणि मुलाला म्हणाल्या, “भालू, तात्यांक सांग. हळद परत लावूक येता. माझा चेडू गेला तर परत येवचा नाय. गाडी काढ.”

हे शिडीवरून उतरले नाहीत, पडले म्हटलं तरी चालेल.

जीपमध्ये बसताना मी आईंना हात दिला. त्यांनी तो धरला नाही. “मी हयच रवतंय. वराडाक तोंड कोण देतला? तू जा. तुका कळता.”

तुका कळता. त्या घरात आल्यापासून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्या रस्त्याची आठवण आजही नको वाटते. वैजूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हळदीचा वास, मोगऱ्याचा वास, आणि तिचा घरघरणारा श्वास. मी तिला कुशीवर वळवलं, लाळ पुसत राहिले आणि बोलत राहिले.

“वैजू, ऐकतेयस ना? झोपू नको. पट्टेवाल्याला डोळे किती?”

“आठ,” ती पुटपुटली.

“पुढं किती?”

“चार.”

“आणि त्यातले मोठे?”

तिनं नुसतं माझं बोट दाबलं, तेही हलकंच. पुढच्या वळणावर तेवढाही जोर राहिला नाही.

“अहो, जोरात चालवा!” मी ओरडले. गाडी भरधाव नेऊ नका म्हणून आयुष्यभर कटकट करणारी मी. आणि त्याच वेळी मनातून देवाला विनवत होते, मी चुकलेली असू दे. सगळ्या गावानं मला हसू दे, माहेरी पाठवू दे, पण हिला नुसते वडे बाधलेले असू देत.

दवाखान्याच्या पायरीवरच ह्यांनी सांगितलं, “डॉक्टर, कोळी चावलाय म्हणत होते...”

“कोळी नाही,” मी मध्येच म्हणाले. “कोळी मी पाहिलाय. उडीवाला आहे, त्यानं हे होत नाही. रात्री जमिनीवर झोपली होती. पोट दुखलं, मग पापण्या पडल्या, एकाचे दोन दिसतायत.”

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी वैजूच्या पापण्या पाहिल्या, मान उचलायला सांगितली. वैजूला ती उचलता आली नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि नर्सला सापावरच्या इंजेक्शनच्या बाटल्या काढायला सांगितल्या.

औषध चढायला लागलं तरी विष पुढेच होतं. वैजूचा श्वास उथळ होत होत थांबला. घशात नळी घातली. श्वासाचं यंत्र तिथं नव्हतं. होता एक रबरी फुगा, नळीला जोडून हातानं दाबायचा. “तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबा, सोडाल तेव्हा सोडा,” डॉक्टर म्हणाल्या. “मोठ्या दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. आणि तिच्याशी बोला. तिला हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, पण ऐकू येतं.”

मी दाबत होते. माझे हात थकले की हे. फुगा दाबताना दुसरं काही मनात येत नाही. आता दाबला, आता पुढचा. मी थांबले तर ती थांबेल, एवढंच.

दुपारी व्हरांड्यात पायांचा आवाज झाला. तात्या होते. त्यांच्यामागे एक उंच मुलगा, कपाळाला मुंडावळ्या, अंगावर नवा कोट. नवरा मुलगा, सुहास. मला वाटलं, आता सगळं संपलं. लग्न मोडल्याचं सांगायलाच आले असणार.

सुहासनं वैजूकडे पाहिलं. नळी, फुगा, पिवळे हात. त्यानं कोट काढून तात्यांच्या हातात दिला. “वैनी, तुमी सरा. माका दाखवा कसो दाबूचो.”

मी दाखवलं. त्याच्या मुंडावळ्या वैजूच्या तोंडावर लोंबायला लागल्या तसा त्यानं त्या मागे टाकल्या. तात्या कोट सांभाळत भिंतीशी उभे राहिले. थोड्या वेळानं तेही पुढे आले आणि म्हणाले, “आता मी करतंय. तू बस जरा.” कुणालाच अंदाज न लागणारं ते म्हातारं माणूस फुगा दाबताना पुटपुटत होतं, “घे गो बाय माझे, घे श्वास.” मला रडू आवरेना.

मोठ्या दवाखान्यात यंत्र होतं. तिथं आम्ही नुसतं थांबायचं. मी वैजूच्या कानाशी बसून बोलायची. काय बोलणार? पट्टेवाल्याचंच. तो मादीपुढे कसा नाचतो, पुढचे पाय वर करून कसा मिरवतो, तिला आवडला नाही तर कसा पळ काढतो. डॉक्टर रोज तिची पापणी उचलून बघायचे आणि “वाट बघू” म्हणायचे. तेवढं ऐकून माझा जीव पुन्हा टांगणीला लागायचा.

मग एका सकाळी आई आल्या. वऱ्हाडाचं जेवण आवरून, मंडप उतरवून, देवाला नारळ ठेवून. त्यांच्याबरोबर तात्या होते. आईंच्या हातात पिशवी होती.

“मण्यार गावली,” आई म्हणाल्या. “चटयांच्या वळकटीत बसली होती. तात्यांका विचार.”

तात्यांनी नुसती मान हलवली. मग आईंनी पिशवीतून बरणी काढली. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. आत पट्टेवाला, आणि तळाला साखरेचे दाणे.

“ह्याका तसोच सोडून गेलंस,” आई कुरकुरल्या. “साखर घातलंय, खायत नाय. भातव खायत नाय.”

आयुष्यभर कोळिष्टकं झाडणारी ही बाई त्याला भात भरवायला बसली होती. मी हसले की रडले ते मला आठवत नाही. बरणी घेऊन वैजूजवळ गेले आणि सवयीनं बोलायला लागले, “बघ वैजू, आईंनी कुणाला आणलंय.”

तिची पापणी हलली.

मला भास वाटला. मी थांबले. पुन्हा हलली. आधी डावी, मग उजवी, जड दार ढकलावं तशी अर्धी उघडली. बुबुळं फिरली आणि माझ्यावर आली. मग बरणीवर. पट्टेवाला काचेला पाय लावून तिच्याकडेच बघत होता.

“वैजू,” मी विचारलं, “किती आहेत?”

तोंडात नळी होती. तिचा मेंदीचा हात चादरीवर पडला होता, तो थरथरला. बोटं आखडली. मग त्यातलं एकच बोट हळूहळू वर आलं.

माझ्यामागे आईंनी पदर तोंडात धरला. “एकच हा गो,” त्या हुंदका गिळत म्हणाल्या, आणि लगेच वळून, मध्ये कुणालाही न घालता, तात्यांना म्हणाल्या, “भावोजी, बसून काय रवलात? त्याच्यासाठी एक माशी धरा.”